हातचा

निंगदोंगला पोचले तेव्हा सकाळचे आठ, उणे एकोणीस.
चालक काचेतून बोट दाखवतो : तो बघा, धूर.
पांढरा, जाड, न पिळता वाळत घातलेल्या गोधडीसारखा
कूलिंग टॉवरच्या तोंडावरून लोंबणारा.

ती वाफ आहे, मी म्हणते. नुसतं पाणी.
मी जे मोजायला आलेय
ते त्या मागच्या बारक्या नळीतून जातं,
थंड मिथेनॉलने धुऊन काढलेलं, जवळजवळ शुद्ध.
त्याला रंग नाही, वास नाही,
चिमण्यासुद्धा त्याला वळसा घालत नाहीत.
चालक नळीकडे बघतो, माझ्याकडे बघतो,
आणि पुन्हा वाफेकडेच बघत राहतो.

हिशोब तसा तिसरीतला.
कोळशातून आत आलेला कार्बन,
वजा टँकर भरून गेलेलं मिथेनॉल,
वजा प्लास्टिकचे दाणे,
वजा राखेत अडकून बसलेला काळा चुरा.
उरलं ते आकाशाचं.
आकाशाकडे वजनकाटा नाही,
म्हणून पावती आपणच फाडायची
आणि घेणाऱ्याच्या जागी सहीही आपणच करायची.

नमुन्यांच्या खोलीत तिएन युएझेन.
चोपन्न वर्षांची, हेल्मेटखाली पांढरी टोपी.
पट्ट्यावरून आलेला कोळसा ती फरशीवर ओतते,
शंकू करते, भाकरीसारखा थापते,
फावड्याने चार भाग.
समोरासमोरचे दोन ठेवते, दोन बाजूला सारते.
पुन्हा शंकू. पुन्हा चार.
नऊ हजार टनांचा दिवस
असा कमी कमी होत एका बाटलीत मावतो.
त्यातली चिमूटभर जाळतात.
त्या चिमटीवर वर्ष उभं असतं.

फळीवर नोव्हेंबर ओळीने लावलेला.
सतरा तारखेची बाटली नाही.
वहीत मात्र सतराचा आकडा आहे : एकसष्ट पूर्णांक चार.
सोळालाही तोच. अठरालाही तोच.
कोळसा इतका शिस्तीचा नसतो.

नियोजन खात्यातला चिआओ चहा घेऊन येतो,
खडीसाखर, लाल खजूर, वर तरंगणारे गोजीचे मणी.
बाई, नमुना नसेल तर तुम्ही ठोक आकडा लावणार,
आणि ठोक आकडा नेहमी जडच असतो.
तीन दिवसांसाठी कशाला?
त्याच्या बोलण्यात वाईटपणा नाही.
त्याला तीस तारखेला कोणाला तरी उत्तर द्यायचंय,
जसं मलाही.

तो गेल्यावर युएझेन बोलते, फावडं पुसता पुसता.
त्या रात्री नमुना उचलणारं यंत्र गोठलं होतं.
मी हाताने घेतला. कडेचाच आला.
कडेला बारीक भुगा असतो, ढेकळं मधे.
तो कोळसा खरा होता, पण दिवस खोटा झाला असता.
म्हणून पाठवला नाही.
तिन्ही रात्री नाही.
आकडा मी लिहिलेला नाही.

मग कोणी?

फावडं आधीच स्वच्छ झालेलं असतं.
ती पुसतच राहते.

शाळेत वरचा आकडा अपुरा पडला
की शेजारच्या घरातून हातचा घ्यायचो.
दहा उसने. शेजारी कधी नाही म्हणाला नाही.
परत कधी द्यायचे, हे बाईंनी शिकवलं नव्हतं,
आणि आम्हीही विचारलं नाही,
उत्तर बरोबर येत होतं ना.

मी तीन दिवसांना ठोक आकडा लावते.
खालच्या रकान्यात अनिश्चितता, अधिक-उणे.
युएझेन त्या खुणेवर बोट ठेवते :
हे मी का?
नाही, मी म्हणते, ते आम्ही सगळे.
ती हसत नाही. बरोबर, म्हणते,
आणि दुपारच्या पाळीचा कोळसा ओतायला वळते.

निरोपाला चिआओ येत नाही.
चहा तसाच गार झालेला, मणी तळाशी.

परतताना ऊन पडलंय.
हवा जरा तापली की वाफ विरते,
टॉवरवर आता नावापुरती चिंधी.
नळी तिथेच, तशीच.
चालक आरसा नीट करतो, खुशीत म्हणतो :
बघा, कमी झाला.